शिशाचं अक्षर

2 नोव्हेंबर जवळ आला की माझा एक मित्र चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन दफनभूमीत जातो. मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आजीची कबर पांढरीशुभ्र दिसायला हवी. यंदा मीही गेलो. हाताला काम नव्हतं, म्हणून गवतातल्या जुन्या थडग्यांकडे वळलो.

"तिकडं जपून ओ, काटं हायत," राखणदार म्हणाला.

1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, 1860 मध्ये रेल्वे आली. साहेब इथे राहू लागले आणि ओघानं मरूही लागले. ऊन आपलं सोलापूरचं, त्यात पटकी. दगडांवर वयं कशी हिशेबी असतात: इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. तान्ह्यांचे तर नुसते दिवसच. आमच्याकडे पणजोबांचं वय विचारलं, तर "प्लेगच्या साली रांगत होते" एवढंच कळायचं.

साहेबी संगमरवराची तऱ्हा वेगळी. अक्षर उथळ कोरायचं, त्यात छिद्रं पाडायची आणि वरून शिसं ठोकून बसवायचं. ऊन-पावसानं कडा झिजतात, शिसं निखळतं, मग उरतात ती छिद्रं. ओळ बोटांनी चाचपून वाचावी लागते. राखणदाराच्या मते अर्धं शिसं पोरांनीच गळाला वजन म्हणून पळवलं. असेलही, गावात कंबर तलाव आहेच.

मराठी थडग्यांना ती धास्ती नाही. शाहबादी फरशी, छिन्नीनं खोदलेली नावं. आडनावं आपलीच, साळवे, गायकवाड. पुढे दाविद नाहीतर रूथ. फक्त खोदणारा अक्षरामागे पैसे घेतो. मित्राच्या आजीला "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे बायबलमधलं वचन हवं होतं. घरचे अक्षरं मोजायला बसले, 'त्थ'पाशी अडले आणि शेवटी "योहान 11:25" या वचनाच्या नुसत्या पत्त्यावर भागवलं.

"तिला पाठच होतं की सगळं," कुंचा झटकत तो म्हणाला.

निघताना एका संगमरवरी दगडाशी पुन्हा थांबलो. नाव गेलेलं, साल गेलेलं. गावाच्या नावाच्या ओळीत एकच इंग्रजी अक्षर शाबूत: एच. साहेबांच्या 'शोलापूर'मधला. स्टेशनच्या पाटीवरून तो केव्हाच गेलाय. इथला नखानं हलवून पाहिला. घट्ट होता.