टाकी ते टाकी: ॲव्हरेज काढायचं तर नीट काढा

‘गाडी किती देते?’ असं विचारलं की बहुतेक जण डॅशबोर्डवरचा आकडा सांगतात. तो इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून बांधलेला अंदाज असतो आणि बऱ्याचदा थोडा चढाच असतो. खरा हिशोब टाकी ते टाकीचा.

ऑटो-कट होईपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, 25-30 लिटर जळेपर्यंत चालवायची. मग त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलने पुन्हा ऑटो-कटपर्यंत. किलोमीटरला भागायचं ते या दुसऱ्या वेळच्या लिटरांनी, पहिल्या नव्हे. इथेच पुष्कळ जण चुकतात. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का?’ विचारेल, त्याला नाही म्हणा. गळ्यापर्यंत भरलं की हिशोब बिघडतोच, शिवाय वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरू शकतं. कट अर्धा लिटर अलीकडे-पलीकडे होतोच. 5 लिटर भरले तर ती चूक 10 टक्के, 30 भरले तर 2 टक्क्यांच्या आत.

आता तुलना. ‘मुंबईला जाताना भारी देते, पुण्याला येताना खाते’ यात गाडीचा दोष नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. माणसांसकट 1200 किलोची गाडी तेवढी वर उचलायला साधारण साडेसहा मेगाज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये 32 असतात, पण चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोचतो. म्हणजे नुसत्या चढाला पाऊण लिटरच्या वर गेलं. म्हणून घाटाचा आकडा जाऊन-येऊनच धरावा. उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा तर निव्वळ गैरसमज. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात. न्यूट्रलमध्ये इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल जातं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

एक्स्प्रेसवेवर 80 ऐवजी 100 ने गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. टायरची हवा मात्र दोन्ही वेळा गार टायरवर, सारखी भरलेली हवी. नाहीतर वेगाचा फरक मोजताय की हवेचा, तेच कळणार नाही.

आणि आकड्यांची बेरीज करून दोनाने भागू नका. हायवेला 100 किलोमीटर 20 च्या ॲव्हरेजने, शहरात 100 किलोमीटर 10 च्या, तर सरासरी 15 येत नाही. पेट्रोल 5 अधिक 10 म्हणजे 15 लिटर जळलं, अंतर 200, उत्तर 13.3.

एआरएआयचा (गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक चक्रात काढलेला असतो. तो दोन मॉडेलं शेजारी ठेवायला ठीक, सिग्नलवर एसी लावून उभ्या असलेल्या गाडीला लावू नये. जुन्या डायरीतल्या नोंदींशी ताडतानाही जपून: इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ई20 च्या (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) लिटरमध्ये मुळातच 6-7 टक्के कमी मिळते.