सरळ दातांना तारा कशासाठी?

माझे दात लहानपणापासून सरळ. एकावर एक चढलेला नाही, मध्ये फट नाही, पुढे आलेले नाहीत. त्यामुळे नौपाड्यातल्या आमच्या डेंटिस्टबाईंनी पस्तिशीत "तारा लावायचा विचार करा" म्हटलं, तेव्हा बिल वाढवायचा हा नवाच प्रकार असेल असं वाटलं. मी गेले होते खालच्या पुढच्या दाताचा टवका उडाला म्हणून. वरच्या दातांच्या मागे, टाळूपाशी हिरडीही अधूनमधून दुखायची, चिवडा खाल्ला की हमखास. ते मी बोलता बोलता सांगितलं, आणि बाईंनी लगेच आरसा आत घातला.

त्यांच्याकडे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे तज्ज्ञ डॉक्टर, गुरुवारी येतात. तोवर ओपीजी आणि सेफ काढून आणायला सांगितलं. ओपीजीत सगळी बत्तिशी एका फोटोत येते. सेफ म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. त्यासाठी दोन्ही कानांत दांडे अडकवून मान हलू देत नाहीत. मग मापं. ट्रेमध्ये गार लगदा भरून तोंडात दाबतात आणि ओकारी येणार असं वाटेपर्यंत धरून ठेवतात.

गुरुवारी डॉक्टरांनी माझ्याच दातांचे प्लास्टरचे साचे हातात दिले. समोरून बघितलं तर झकास रांग. "आता मागून बघा," म्हणाले. वरचा आणि खालचा साचा मिटवून घशाच्या बाजूने आत डोकावले, तर खालचे दोन दात थेट टाळूच्या हिरडीत रुतलेले. बाकीचे वरच्या दातांच्या मागच्या बाजूला घासत होते. टवका उडाला तो त्यातलाच एक. परत समोरून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दात मिटल्यावर माझे खालचे पुढचे दात दिसतच नाहीत. वरच्यांनी खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकावा, माझे पूर्ण झाकलेले. याला डीप बाइट म्हणतात.

पण दात तर सरळ आहेत ना, हे माझं पालुपद सुरूच होतं. त्यावर त्यांनी पुढचे दात सोडून दाढ दाखवली. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने 1899 मध्ये जी वर्गवारी केली, ती सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेवरून. वरच्या दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला तर क्लास वन, म्हणजे दाढा जागच्या जागी. माझी वरची दाढ त्या खाचेच्या पुढे होती, म्हणजे क्लास टू. अशा माणसाचे वरचे दात सहसा पुढे आलेले असतात. माझे आले नव्हते, कारण ते आत कलले होते. सेफवर तो कल स्पष्ट दिसत होता. म्हणजे ज्या सरळपणाचं आजवर कौतुक झालं, तो या बिघाडाचाच भाग होता! काहींची एका बाजूची वरची दाढ खालच्या दाढेच्या आत बसते आणि तोंड मिटताना जबडा तिकडे सरकतो. काहींचे पुढचे दात मिटतच नाहीत. दात रांगेत असूनही असं होऊ शकतं.

तरी मी नेरूळच्या डेंटल कॉलेजात दुसरं मत घेतलंच. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने सरळ जाता येतं. तिथल्या मॅडमना मी एकच विचारलं, "नाही केलं तर काय होईल?" त्या म्हणाल्या, सौम्य डीप बाइट असेल तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो, पण तुमच्या टाळूला जखम होतेय आणि दात झिजताहेत. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावाच. उत्तर नुसतं "छान दिसेल" असं आलं, तर घाई करायचं कारण नाही.

आधी हिरड्या तपासून स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, मग मेटलचे ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातांवर चिकटवायचे छोटे तुकडे. ते सिरॅमिकपेक्षा स्वस्त पडतात, आणि पस्तिशीत लपवायचं तरी कोणापासून? पहिले काही महिने मात्र अवघड गेले. आत कललेले दात आधी बाहेर आणावे लागतात, त्यामुळे आता ते खरोखरच पुढे दिसायला लागले. आई म्हणाली, "होते ते चांगले दात बिघडवून घेतलेस गं!" वरच्या दातांच्या मागे फिलिंगसारख्या मटेरियलचे छोटे टेकू बसवले होते. खालचे पुढचे दात त्यावर टेकले की मागच्या दाढा एकमेकींना लागायच्याच नाहीत. भाकरी चावता येईना. मुगाची खिचडी, दहीभात, कुस्करलेली पोळी, यावर दिवस काढले. पुढे क्लास टूसाठी रबर आले: वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, जेवण आणि ब्रश सोडून सतत. ते टाळले तर काम तिथेच थांबतं.

सगळं इतकं हळू का, तर दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. लहान वयात जबड्याच्या वाढीचाही उपयोग करून घेता येतो, माझ्या वयात फक्त दात हलवायचे. म्हणून मुलीची दाढ मी आत्ताच दाखवून घेतली.

तारा निघाल्या. फोटोत फारसा फरक नाही, फक्त हसताना खालचे दात दिसतात. टाळू दुखायची थांबली, टवक्याचं फिलिंग टिकून आहे. डीप बाइट परत येण्याची खोड जुनी, म्हणून खालच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि वर रात्रीचा रिटेनर, दात जागेवर धरून ठेवायला. त्या तारेमागे कीटण फार लवकर साचतं; इंटरडेंटल ब्रश आता बेसिनपाशीच असतो.