बाबांची क्लॅरिनेट

आज सहा वर्षांनी बाबांच्या क्लॅरिनेटची पेटी उघडली. आतल्या मखमलीला अजून त्यांचाच वास.

बाबा लष्करी बँडमध्ये वाजवायचे. बँडवाल्यांचं काम परेडपुरतंच असतं, असं लोकांना वाटतं. पण लढाई पेटली की कित्येक सैन्यांत वाद्यं पेटीत जातात आणि वादकांच्या हाती स्ट्रेचर येतं. बाबांच्याही आलं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले, "स्ट्रेचर उचलून बोटं इतकी सुजायची, की नंतर भोकं नीट झाकली जायची नाहीत." एवढंच.

वाद्याबद्दल मात्र तासन्‌तास! लाकडी क्लॅरिनेट गारठ्यात एकदम फुंकली तर तडकू शकते, म्हणून आधी काखेत धरून तिला ऊब द्यायची. रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची ती पातळ पट्टी, जिभेवर भिजवून घ्यायची. वाजवून झालं की आतून फडकं फिरवायचं, कितीही दमलो तरी. हे ते बाळाला न्हाऊ घालावं तसं करत.

पेटीच्या कप्प्यात एक रीड सापडली, टोकाला किंचित तुटलेली. बसवून फुंकून पाहिलं. मला वाजवता येत नाही. नुसती हवा आली. तरी आई आतून उठून आली आणि दारात उभी राहिली.