पोस्टग्रेसचा व्हेंडर कोण?

पोस्टग्रेस हा डेटाबेस १२ व्या आवृत्तीवरून १६ व्या आवृत्तीवर न्यायचा असेल तर तांत्रिक तयारी मागाहून करा. आधी आपल्या कंपनीचा चेंज रिक्वेस्टचा (सिस्टिममध्ये बदल करायच्या परवानगीचा) फॉर्म उघडून तांबड्या चांदणीचे, म्हणजे सक्तीचे, रकाने वाचून घ्या. माझं घोडं तिथेच पेंड खात बसलं होतं.

पार्श्वभूमी एवढीच की १२ चं शेवटचं अपडेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, आणि खालची ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७ त्याच वर्षी जूनमध्ये निवृत्त झाली. या दोघांवर क्लायंटचं बिलिंग चालू होतं. सिक्युरिटीवाले मेलवर मेल टाकत होते. नवं मशीन मिळालं, बॅकअप रिस्टोअर करून रंगीत तालीम झाली. पीजी-अपग्रेड या अपग्रेडच्या टूलच्या चेकमध्ये कुणीतरी कधीकाळी अ‍ॅरे-अपेंड या फंक्शनवर रचलेलं एक अ‍ॅग्रिगेट (अनेक ओळींतून एक उत्तर काढणारं फंक्शन) अडकलं. १४ पासून अ‍ॅरे-अपेंडचे टाइप बदललेत, त्यामुळे ते अ‍ॅग्रिगेट आधी काढायचं आणि अपग्रेडनंतर पुन्हा बनवायचं. बाकी सगळं हिरवं.

मग फॉर्म. त्यात 'व्हेंडर सपोर्ट केस नंबर' हा सक्तीचा रकाना. आता पोस्टग्रेसला व्हेंडर कुठून आणू? जगभरची मंडळी मिळून ते बनवतात, लायसन्सला पैसे पडत नाहीत, आणि आम्ही कुणाकडून सपोर्टही विकत घेतलेला नाही. रकाना मोकळा ठेवला तर सबमिटचं बटण दबत नाही. 'लागू नाही' लिहून पाठवला, तर चेंज मंजूर करणाऱ्या गुरुवारच्या मीटिंगमधून परत आला. शेरा: 'केस नंबर चुकीचा'. शेवटी चेंज मॅनेजरला फोन लावला.

"अहो, याच्यामागे एक अशी कंपनीच नाही."
"मग सपोर्ट कोण देतं?"
"आम्हीच देतो."
"म्हणजे तुम्ही व्हेंडर?"
"नाही हो, आम्ही डीबीए, डेटाबेस सांभाळणारे."
"मग सर, व्हेंडरचं एक लेटर जोडून टाका ना."

माणूस वाईट नव्हता, हे कबूल. पण असल्या संभाषणानंतर दुसरं काही काम सुचत नाही. त्यात क्वार्टर एंडचं फ्रीझ आलं. त्या काळात कुठलाच बदल नाही, म्हणजे गुरुवार आले तसे गेले. मधल्या काळात सिक्युरिटीचा मेल माझ्या मॅनेजरच्या मॅनेजरला सीसी होऊन आला: डीबीए टीमकडून दिरंगाई. डोकं फिरणार नाही तर काय!

तोडगा निघाला तो खाली टपरीवर. दुसऱ्या प्रोजेक्टवर ओरॅकल हा विकतचा डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडम चहा घेता घेता म्हणाल्या, "रकान्याशी कशाला भांडतोस? तो रकाना उगवतो कुठून ते बघ." बघितलं. फॉर्म हा प्रश्न सगळ्यांना विचारतच नाही. अ‍ॅसेटच्या, म्हणजे कंपनीच्या मशीन-सॉफ्टवेअरच्या, यादीत ज्या सर्व्हरपुढे 'कमर्शियल' लिहिलंय, त्यांनाच विचारतो. आमचा डेटाबेस पूर्वी ओरॅकलवर होता. तो पोस्टग्रेसवर आला तेव्हा यादीतलं नाव बदललं, प्रकार तसाच राहिला. दुरुस्ती करायची तर अ‍ॅसेट टीमकडे तिकीट, आणि त्या तिकिटाला मंजुरी द्यायची चेंजच्याच मीटिंगने!

त्यावरही उपाय मॅडमनीच सांगितला. परचेसला साधा मेल टाकायचा: 'हा सर्व्हर आपल्या यादीत अजून कमर्शियल दिसतोय, लायसन्सच्या ऑडिटमध्ये तो मोजला जाणार का, कृपया कळवावे.' दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकार बदललेला होता. कुणी काही विचारलं नाही, मंजुरीही लागली नाही. फॉर्म उघडला तर तो रकानाच गायब. पैशाचं नाव काढलं की फाइलला पाय फुटतात.

रोलबॅकच्या (बिघडलं तर मागे कसं फिरणार, या) रकान्यात गोलगोल लिहू नका, त्यावर नक्की विचारतात. लिंक मोडमध्ये (फाइलींची नक्कल न करता नवा सर्व्हर त्याच फाइली वापरतो) अपग्रेड झटपट होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुनी डेटा डिरेक्टरी वापरायची नाही. म्हणून जुनं मशीन बंद करून जसंच्या तसं ठेवणार, असं लिहा. आणि नव्यावर नोंदी पडायला लागल्यावर मागे फिरलात तर तेवढ्या नोंदी जातील, हेही लिहा.

प्रत्यक्ष रात्रीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, फक्त एक गोष्ट सोडून. डेटा नव्या मशीनवर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (जुन्याची हुबेहूब नक्कल सतत नव्यावर उतरवत) नेलात, तर फाइली जशाच्या तशा जातात, पण अक्षरांचा क्रम ठरवते खालची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यातल्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ मध्ये तो क्रम बदलला, आणि सेंटओएस ७ वर आहे २.१७. जुन्या मशीनवर '११' आधी आणि '१-१' नंतर येतं, नव्यावर उलटं. आमच्या बिल नंबरांत डॅश आहेत. टेक्स्टवरचे इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या सूच्या) जुन्या क्रमाने रचलेले राहतात, म्हणजे बिल टेबलात असूनही शोधल्यावर मिळत नाही, आणि युनिक कॉलममध्ये तोच नंबर दुसऱ्यांदाही शिरू शकतो. एररही येत नाही. लोकांना आत सोडण्याआधी रीइंडेक्स कराच. कुठले इंडेक्स बिघडलेत ते एमचेक या तपासणीच्या एक्स्टेन्शनने दिसतं, पण वेळ असेल तर टेक्स्टवरचे सगळेच नव्याने बांधा.

राहिलंच: तुमची जुनी कॉन्फिग फाइल आणि एचबीए फाइल (कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी) पीजी-अपग्रेड उचलून नेत नाही, त्या हाताने न्यायच्या. १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅम या पद्धतीने साठतात, ती जुन्या ड्रायव्हरना कळत नाही, तेव्हा जुन्या जावा ड्रायव्हरवाल्यांना आधीच गाठा. आणि १६ वर जाताना स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची ते ठरवायला डेटाबेसने जमवलेली आकडेवारी) सोबत येत नाहीत. ती पुन्हा जमवायला व्हॅक्यूमडीबी या टूलचं अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस लगेच चालवा, नाहीतर सकाळी साध्या क्वेरी रांगत सुटतात आणि फोन तुम्हालाच येतो. थेट १८ वर जाणार असाल तर बरीचशी स्टॅटिस्टिक्स बरोबर येतात, पण क्रिएट स्टॅटिस्टिक्स या कमांडने वेगळी बनवलेली येत नाहीत, तेवढ्यासाठी अ‍ॅनालाइझ चालवावंच लागतं.