मिसळण्यासाठीच धक्के देता, मग मिसळण्याला का घाबरता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण पल्स कॉलमवर (धक्के देत पाण्यातला धातू सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात, ओढून घेणारी उभी नळी) काम करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: दोन द्रव मिसळावेत म्हणून कॉलमला धक्के देता आणि परत 'अ‍ॅक्सिअल मिक्सिंग (नळीच्या उंचीच्या दिशेने होणारी सरमिसळ) कमी करा' म्हणता, हे कसं काय?

गोम अशी की सॉल्व्हंटचा थेंब आणि त्याच्या भोवतीचं पाणी यांची जागच्या जागी झटापट हवीच असते, पण वरच्या प्लेटवरचं पाणी आणि खालच्या प्लेटवरचं पाणी एकमेकांत गेलं की घात होतो.

अणुइंधनाच्या रिप्रोसेसिंगमधलं (वापरलेल्या इंधनातून कामाचे धातू परत काढण्यातलं) नेहमीचं माप सांगतो, उभ्या नळीत दर 50 मिलिमीटरवर चाळणीसारखी प्लेट, भोकं 3 मिलिमीटरची, प्लेटचा साधारण 23 टक्के भाग उघडा, पाणी वरून खाली येतं, सॉल्व्हंट खालून वर जातं आणि तळातून हवेच्या दाबाने सेकंदाला एखादा धक्का. आत फिरणारा एकही पार्ट नाही, रेडिओअ‍ॅक्टिव्ह कामात हे फार मोलाचं आहे. (कल्पना जुनी, व्हॅन डाइकचं पेटंट 1935 चं.)

मी पहिल्यांदा काचेच्या कॉलममध्ये मधोमध सिरिंजने रंग सोडला तेव्हा वाटलं होतं, पाण्याबरोबर खालीच जाणार. धक्का आला आणि वरच्या प्लेटच्या भोकांतून रंगाची बारीक कारंजी उडाली, मग पाणी खाली ओढलं गेलं पण सगळा रंग काही परत आला नाही, थोडा वरच राहिला आणि पुढच्या धक्क्याला त्यातलाच थोडा आणखी एक प्लेट वर. शिवाय वर चढणारा प्रत्येक थेंब मागे शेपटीसारखं थोडं पाणी ओढत नेतो. बघता बघता प्रवाहाच्या उलट तीन प्लेटपर्यंत रंग चढला.

आता नुकसान बघा. वरून येणारं फीड (धातू विरघळलेलं पाणी) लिटरला 100 ग्रॅम धातूचं धरा, ते आत शिरताक्षणीच खालून चढून आलेल्या पातळ पाण्यात मिसळून 80 होतं, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन (धातू सॉल्व्हंटमध्ये ओढून घेणं) व्हायच्या आधीच सॉल्व्हंटला मिळणारा तीव्रतेचा फरक गेला आणि तो भरून काढायला कॉलम उंच करायचा. पल्स वाढवला तर थेंब बारीक होतात, पृष्ठभाग वाढतो, पण वर उडणारं पाणीही वाढतं, आणि अतीच केलं तर कॉलम फ्लड होतो, म्हणजे दोन्ही द्रव नीट वाहीनासे होऊन तुंबतो.

छोट्या कॉलमचे आकडे तसेच्या तसे मोठ्या व्यासाला लावणं मला अजिबात पटत नाही. मोठ्या नळीत पाणी एका बाजूने चढतं, दुसऱ्या बाजूने उतरतं. त्यात घनतेचीही भर असते, पाण्यातून धातू काढून घेताना वरचं पाणी जड आणि खालचं हलकं राहतं, म्हणजे जड पाणी खाली कोसळायला टपलेलंच. त्याच कॉलममध्ये उलट, सॉल्व्हंटमधला धातू पाण्यात उतरवायला घेतला की जड पाणी आपोआप खाली बसतं, आणि पल्स तोच असूनही सोडलेल्या रंगाचा पट्टा कितीतरी अरुंद राहतो.