कात्री हातात धरून तिने विचारलं

"हे कुणाला दाखवावं लागेल का?"

झीन, म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेली छोटी पुस्तिका, करायला बसलेल्या मुलांमधल्या एकीचा प्रश्न. नाही म्हटल्यावर तिचे खांदे सैल पडले. मग बराच वेळ मान वर नाही, फोनची आठवण नाही.

एक कोरा कागद, तीन घड्या, मधल्या घडीवर एक काप, की आठ पानांची पुस्तिका तयार. १९३०च्या दशकात अमेरिकेतले विज्ञानकथांचे चाहते असे अंक घरीच काढून एकमेकांना पाठवायचे. मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते वाकडं अक्षर आणि तशीच राहिलेली खोडलेली ओळ.

या वयात प्रत्येक गोष्टीला गुण मिळतात, नाहीतर लाइक. किती दमत असतील ही मुलं!

तुमच्या घरातल्या मुलांना असा कुणीच न तपासणारा तास मिळतो का?