आमची वाटचाल : कापसाच्या गाठी आणि चार आकडी हेडिंग

आमची फर्म छोटी आहे, मी, माझा धाकटा भाऊ आणि हाताखाली दोन माणसं. छोट्या सूतगिरण्यांना हवा तसा कापूस बाहेरून मागवून द्यायचा हे आमचं काम. सुरू केलं तेव्हा वाटायचं की चांगला सप्लायर मिळणं आणि पैशाची सोय लागणं हेच अवघड, कस्टम्सचं काय, ते ब्रोकर बघेल, कापूस तो कापूस.

पहिल्याच कंटेनरला अडकलो. इन्व्हॉइसवर 'रॉ कॉटन' लिहिलेलं, ब्रोकरने ५२०१ हेडिंग, म्हणजे कस्टम्सच्या टॅरिफ यादीतला मालाचा चार आकडी कोड, टाकलं, आम्ही सही केली. तपासणीत ऑफिसरने एक गाठ उघडायला लावली. माल पांढराशुभ्र, बघून आम्हाला आनंदच झाला. त्याने मात्र चिमूटभर तंतू दोन्ही अंगठ्यांत धरून ओढले, परत एकावर एक ठेवून ओढले, आणि विचारलं की यात पानाचा चुरा कुठाय, सरकीचे कण कुठायत? नुसत्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढून, आलेल्या रुईत थोडा तरी कचरा राहतोच, आणि हे तंतू तर जेमतेम अर्धा इंच. सॅम्पल लॅबला गेलं, रिपोर्ट आला, माल निघाला कोंबर नॉइल. म्हणजे गिरणीत कापूस विंचरताना जे आखूड तंतू खाली पडतात ते, त्याला टॅरिफमधे वेस्ट म्हणतात आणि ते ५२०२ मधे जातं. डिमरेज, म्हणजे माल बंदरात अडकून पडल्याचं भाडं, रोज चढत होतं, गिरणीवाला फोनवर फोन करत होता, आणि सप्लायर म्हणत होता की आम्ही तर याला रॉ कॉटनच म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही, त्याच्या बाजारात तसं म्हणत असतील. पण कोड मालावरून ठरतो, आणि सही आमची होती.

त्या रात्री भावाने आणि मी टॅरिफचा ५२ वा, कापसाचा चॅप्टर पहिल्यांदा स्वतः वाचला. आणि खरं सांगतो, एवढा अवघड नाहीये, आपल्याकडे शब्द आधीपासून आहेत. बोंडातून वेचला तो कापूस, सरकी काढली की रुई, पिंजून वळला की पेळू. टॅरिफ तेच बघतं, मालावर कुठपर्यंत काम झालंय. सरकीसकट कापूस आणि सरकी काढलेली रुई दोन्ही ५२०१, कारण त्या हेडिंगचे शब्दच आहेत 'न पिंजलेला, न विंचरलेला कापूस'. पिंजला किंवा विंचरला की ५२०३. मधे ५२०२ वेस्टचं, त्यात सुताचा वेस्ट वेगळा, आणि जुनं सूत-कापड उसवून परत तंतू केलेले असतात ते वेगळे. हे चार आणि त्यापुढचे दोन असे पहिले सहा आकडे एचएस, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात, जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे, पुढचे आकडे मात्र प्रत्येक देशाचे आपापले.

मग एकदा ब्लीच केलेली मोकळी रुई आली. ब्रोकर म्हणाला प्रोसेस झालीये, ५२०१ मधे बसणार नाही. आम्ही एचएसच्या एक्सप्लनेटरी नोट्स, म्हणजे हेडिंगची अधिकृत स्पष्टीकरणं, काढून त्याच्यासमोर ठेवल्या, त्यात स्पष्ट आहे की धुतलेली, ब्लीच केलेली, रंगवलेली, अगदी पाणी शोषेल अशी केलेली रुईसुद्धा ५२०१ मधेच राहते, जोपर्यंत ती पिंजलेली नाही. रंग बदलल्याने हेडिंग बदलत नाही, पिंजण्याने बदलतं. तीच रुई वॅडिंग, म्हणजे थर देऊन केलेली कापसाची गादी, होऊन आली तर ५६०१, आणि औषधी वापरासाठी किरकोळ विक्रीच्या पॅकमधे आली तर ३००५. तो कंटेनर एकही प्रश्न न येता सुटला, त्या दिवसाचं समाधान वेगळंच होतं.

लिंटरने पण एकदा चकवलं असतं. जिनिंगनंतर सरकीवर जी बारीक लव राहते ती काढली की लिंटर, सेल्युलोज बनवणाऱ्यांना लागतं. ते ५२ मधे नाहीच, थेट १४०४ मधे आहे. या वेळी आम्ही ऑर्डर द्यायच्या आधी विचारलं म्हणून वाचलो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते तंतूच्या लांबीने. काही देश सहा आकड्यांच्या पुढे लांबीवरून फाटे फोडतात, अमेरिकेच्या टॅरिफमधे २८.५७५ आणि ३४.९२५ मिलिमीटरला रेषा आहेत. आकडे विचित्र वाटतात पण ते सव्वा इंचाच्या अलीकडचा १ पूर्णांक १/८ आणि पलीकडचा १ पूर्णांक ३/८ इंच एवढंच आहे, व्यापारात त्यालाच ३६ स्टेपल आणि ४४ स्टेपल म्हणतात, म्हणजे इंचाचे बत्तिसावे भाग. आता तंतूची लांबी मोजणाऱ्या एचव्हीआय मशीनचा रिपोर्ट १.१२ इंच म्हणाला तर २८.४५ मिमी होतात आणि १.१३ म्हणाला तर २८.७०, रेषा बरोबर मधे! एकाच लॉटमधे दोन्ही प्रकारच्या गाठी निघतात. म्हणून आम्ही सरासरीवर जात नाही, गाठवार रिपोर्ट मागतो, आणि लॉट रेषेच्या आसपास असेल तर जिथे माल उतरणार तिथल्या कस्टम्सकडून अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोणता कोड लागेल याचा लेखी निर्णय, घ्या असं गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. वेळ जातो, पण माल बंदरात पडून राहण्यापेक्षा परवडतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रेड फॅसिलिटेशन कराराने, म्हणजे २०१७ ला लागू झाला तो, ही सोय देणं सदस्य देशांवर घातलंय, तरी छोटे आयातदार ती फारशी वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

आता ऑर्डरआधी सप्लायरला आमचे प्रश्न ठरलेले असतात. सरकी काढलीये का, कार्डवरून, म्हणजे पिंजायच्या मशीनवरून, गेलाय का, कोंबरवरून, म्हणजे विंचरायच्या मशीनवरून, गेलाय का, का कुठल्या मशीनखालून गोळा केलाय? उत्तर लेखी हवं आणि सोबत सॅम्पल. प्रत्येक सॅम्पल काळ्या कागदावर चिकटवून, खाली तारीख, लॉट आणि लागलेलं हेडिंग लिहून भावाने वही केलीये, आता तिसरी चालू आहे. पहिल्या वहीचं पहिलं पान त्या कोंबर नॉइलचं आहे. नवीन मुलगा कामाला आला की भाऊ त्याला ते पान आणि शेजारी साधी रुई देतो, दोन्ही ओढून बघ म्हणतो, आणि बहुतेक मुलं आधी पांढऱ्यालाच चांगलं म्हणतात.

परवा एक सॅम्पल आलंय, 'रॉ कॉटन' म्हणूनच. मऊ आहे, पण त्यात दोन-तीन निळसर धागे अर्धवट उसवलेले दिसतायत. भाऊ म्हणतो ५२०२, मलाही तसंच वाटतंय. सप्लायरकडे मशीनचा फोटो मागितलाय, तो आल्याशिवाय ऑर्डर जाणार नाही.